वरच्या मजल्यावरची लॅब

१९ ऑगस्ट

जॅरेट,

तुझी केंड्रा परवा दुकानात भेटली. म्हणाली, माझी पत्रं तू फाडत नाहीस आणि उघडतही नाहीस, नुसती फ्रिजवर टाकून देतोस. ठीक आहे. फाडत नाहीस ना, मग मी लिहीत राहते.

बातमी अशी, की मी कॉलेजात नाव घातलंय. डोंगराचा माथा कापून सपाट केलाय, तिथलं कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षांत विज्ञानाची असोसिएट पदवी मिळते आणि ती हातात असली की लेक्सिंग्टनच्या विद्यापीठात एकदम तिसऱ्या वर्षाला घेतात. मला श्वासाच्या आजारांचं शिकायचंय. मम्मीला सांगितलं तेव्हा ती शेंगा मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अडतिसाव्या वर्षी? त्या पोरांच्या बाकात मावशील का गं?"

मावले. वर्गात निम्मी पोरं शाळेतून नुकती सुटलेली. उरलेले आम्ही, कुणाचं काम सुटलेलं, कुणाचा नवरा. माझ्या शेजारी एस्टिल कॉम्ब्ज बसतो. खाणीत तुझ्याच शिफ्टला होता ना? गेल्या हिवाळ्यात त्याला कमी केलं. पहिल्याच दिवशी पुस्तकाचं वजन हातात तोलत मला म्हणाला, "मिस्टीबाई, छतातून पडलेले दगड याच्यापेक्षा हलके असायचे." त्याला हायस्कूलचं विज्ञान शिकवायचंय. तुला सांग म्हणाला, की एस्टिल आता उजेडात काम करतो.

अभ्यास सोपा वाटतोय. वृद्धाश्रमातली सकाळची पाळी करून दुपारी वर्गाला जाते. सगळं छान चाललंय.

हे कशासाठी, ते तुला ठाऊक आहे. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तू म्हणालास, "डॅडींना तू कसायाच्या हाती दिलंस." तेच आपलं शेवटचं बोलणं. माणसानं अखंड मातीत जावं, पुनरुत्थानाच्या दिवशी अखंड उठावं, असं तुला वाटतं. मलाही चर्चमध्ये तेच शिकवलंय. पण कंपनीचा डॉक्टर शेवटपर्यंत एकच म्हणत राहिला, हे खाणीमुळे नाही, सिगारेटींमुळे झालंय, सिगारेटींमुळे. डॅडी मला म्हणाले, "मेल्यावर माझी छाती उघडायला लाव. आत काय भरलंय ते त्यांच्या डोळ्यांना दिसू दे." तू तेव्हा खाली खाणीत होतास. मी शब्द दिला आणि पाळला. त्याची माफी मागणार नाही. दुसरं काहीही सांग, त्याची मागेन.

ब्रिन्लीला माझा पापा दे. बालवाडीत जायला लागली ना आता?

मिस्टी


१२ ऑक्टोबर

जॅरेट,

सगळं छान चाललंय असं मागे लिहिलं होतं, ते खोटं होतं. रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत मी साफ आपटले. सर तरुण आहेत, चांगले आहेत. पेपर देताना त्यांनी तो उलटा ठेवला, शेजारच्याला दिसू नये म्हणून. त्या चांगुलपणानंच मला रडू आलं. गाडीत बसून रडले आणि तशीच डोळे पुसून पुन्हा वर गेले, कारण लॅब होती आणि लॅब चुकली की संपलं.

मम्मीला काही बोलले नाही. तरी तिला कळलंच. "म्हाताऱ्यांचे डायपर बदलायला रसायनशास्त्र लागत नाही," म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी मक्याचा पाव भाजून ठेवला होता, कडेला कुरकुरीत, डॅडींना लागायचा तसा.

एस्टिल पास झाला. मला शिकवायला बसतो आता, कँटीनच्या कोपऱ्यात. त्याची शिकवण्याची पद्धत म्हणजे आधी शिवी, मग उत्तर. परवा मिथेनचं समीकरण जुळवताना त्यानं मध्येच पेन्सिल खाली ठेवली. म्हणाला, "खाली गॅसचं यंत्र वाजलं की आम्ही पळायचो बघ. इतकी वर्षं पळालो. कशापासून पळत होतो ते आत्ता कळतंय."

त्याला खोकला आहे. विचारलं, तर म्हणतो, "ही तर आपल्या गावची बोली."

मिस्टी


२३ फेब्रुवारी

जॅरेट,

रसायनशास्त्रात पास झाले. कसंबसं, पण झाले. मात्र आज त्याबद्दल लिहायचं नाहीये. लॅबमध्ये जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि मम्मीला सांगता येणार नाही.

शरीरशास्त्र आम्हाला स्टिडमबाई शिकवतात. इथल्याच, पलीकडच्या खोऱ्यातल्या. पूर्वी नर्स होत्या. आवाज असा, की मागच्या बाकावरचा पोरगा झोपेतून उठून बसतो. आज त्यांनी डुकराची फुप्फुसं आणली होती, श्वासनळीसकट. थाळीत ठेवली तेव्हा ती पडलेल्या फडक्यासारखी होती. बाईंनी नळी आत घातली आणि भात्यानं हवा भरायला लागल्या. जॅरेट, ती फुगली. फिकी गुलाबी होत होत वर आली, भिजवलेलं पीठ फुगतं तशी, पण पापणी लवायच्या आत. भाता सोडला की आपोआप बसायची. पोरी किंचाळून हसत होत्या. बाई म्हणाल्या, "हात लावा. स्पंजासारखी लागतात. निरोगी फुप्फुस पाण्यात टाकलं तर तरंगतं."

मी हात लावला. डॅडींच्या शवविच्छेदनाच्या अहवालात काय लिहिलं होतं ते तू वाचलं नाहीस. मी वाचलंय. काळी, कडक, कापताना सुरी अडत होती, असं लिहिलंय. आजवर ते नुसते शब्द होते. आज बोटांना कळलं की त्यांच्या छातीत काय असायला हवं होतं. मी हातमोजे काढले आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिले.

परत आले तेव्हा फुंकायचा प्रयोग सुरू होता. नाकाला चिमटा लावायचा, पोटभर श्वास घ्यायचा आणि नळीत जीव खाऊन फुंकायचं. यंत्र सांगतं, छातीत किती दम आहे. सगळे एकमेकांना ओरडून चेतवत होते, "फुंक, फुंक, फुंक!" बास्केटबॉल खेळणाऱ्या पोराची टाळ्या वाजवून वाहवा झाली. मग एस्टिल उठला. बाह्या सरसावल्या, म्हणाला, "पोरांनो, बाजूला व्हा. भिंत पडेल."

त्यानं फुंकलं आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ थोडी चढून आडवी झाली. कुणीतरी म्हणालं, "चिमटा निसटला वाटतं." त्यानं पुन्हा फुंकलं. तसंच. तिसऱ्यांदा फुंकताना त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो टेबल धरून उभा राहिला. स्टिडमबाईंनी पुढे होऊन यंत्र बंद केलं. म्हणाल्या, "यंत्र बिघडलंय. पुढच्या आठवड्यात करू."

यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याच्यानंतर मीच करून पाहिलं, बाई त्याला बाहेर घेऊन गेल्यावर.

तो बेचाळीस वर्षांचा आहे. तुझ्याहून थोडाच मोठा. तुम्ही दोघं एकाच यंत्रावर होतात ना?

मिस्टी


१७ मे

जॅरेट,

एस्टिलचा एक्स-रे काढला. खाणकामगारांच्या दवाखान्यात, स्टिडमबाईंनी स्वतः नेऊन. काळी छाती, खाणीच्या धुळीनं होते ती. साधी नाही, सगळ्यात वाईट जातीची, गाठी एकमेकांत मिसळलेल्या. डॅडींना ती पासष्टाव्या वर्षी झाली होती.

मी त्याला विचारलं, इतक्या लवकर कसं? तो म्हणाला, "कोळसा राहिलाय कुठे, बाई? थर हा एवढासा उरलाय. तेवढ्यासाठी वरचा दगड कापायचा, खालचा दगड कापायचा. आणि मी आणि तुझा भाऊ तर छत पडू नये म्हणून त्यात बोल्ट मारणारे. भोक पाडलं की दगडाचं पीठ सरळ तोंडावर."

"आणि धूळ मोजायचं यंत्र? ते अंगावर असतं ना?"

तो हसला. "असतं की. मुकादम सांगायचा, जेवणाच्या डब्यात ठेव. माझ्या डब्याचे श्वास अगदी स्वच्छ निघाले बघ."

तूही डब्यात ठेवतोस का रे?

म्हणून मी केंड्राला फोन केला. म्हणून काल दुकानाबाहेर तू ट्रकची काच खाली करून माझ्यावर ओरडलास. "माझ्या बायकोला घाबरवायचं बंद कर, सिसी. मला एक्स-रे नको, मला काम हवंय. एक्स-रे काढला की दुसऱ्या दिवशी सगळ्या खाणीला कळतं." लोक बघत होते. म्हणून इथे लिहिते. त्या दवाखान्यातलं बाहेर सांगत नाहीत. फुकट आहे. अर्धा तास लागतो. छातीत डाग निघाला तर कमी धुळीच्या जागी बदली मागायचा तुला कायद्यानं हक्क आहे. मी हे सगळं वाचून, विचारून लिहिते आहे.

आणि तू मला सिसी म्हणालास, लहानपणी म्हणायचास तसं. तुझ्या लक्षात आलं नसेल.

सिसी


२१ नोव्हेंबर

जॅरेट,

काल तू दफनाला आलास. बरं केलंस. एस्टिलच्या आईनं मला विचारलं, "तो दाराशी उभा होता तो हर्शेलचा मुलगा ना? अगदी बापासारखा दिसतो." मी हो म्हटलं.

त्याचे शेवटचे महिने तुला माहीत नसणार. कॉलेजची लिफ्ट सप्टेंबरात बंद पडली. लॅब वरच्या मजल्यावर. ऑफिसात गेले की उत्तर एकच, सुटा भाग मागवलाय. आधी एस्टिल मधल्या वळणावर थांबायचा, मग दोनदा, मग पोरांनी तिथे एक खुर्चीच नेऊन ठेवली. तो पायऱ्या चढताना ती बास्केटबॉलवाली पोरं मुद्दाम त्याच्या मागून हळूहळू चालायची, बुटाची नाडी बांधत, फोन बघत, त्याला घाई वाटू नये म्हणून. त्याला सगळं कळायचं. म्हणायचा, "या मुलखात इतक्या वेळा नाड्या सुटताना मी कधी पाहिल्या नव्हत्या."

मी डीनकडे गेले. म्हटलं, लॅब खालच्या खोलीत घ्या. म्हणाले, खाली गॅसचं कनेक्शन नाही. म्हटलं, मग त्याला सूक्ष्मदर्शक खाली द्या. म्हणाले, विमा. शेवटी स्टिडमबाईंनी कुणाला न विचारता सूक्ष्मदर्शक कडेवर घेतला आणि खाली आणला. तीन आठवडे त्यानं पायऱ्यांच्या तळाशी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मध्ये बसून प्रयोग केले. नाकात नळी, शेजारी प्राणवायूची टाकी. माझ्या चित्रांपेक्षा त्याची चित्रं चांगली यायची.

मग एक दिवस तो आला नाही. न्यूमोनिया झाला होता. मी भेटायला गेले तर म्हणाला, "बाईंना सांग, सहामाही परीक्षा खाली ठेवा." दोन दिवसांनी गेला.

लिफ्ट आता सुरू आहे. सोमवारी झाली.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना तू खोकलास. टोपी तोंडावर धरलीस आणि बाहेर गेलास. लोकांना वाटलं, रडू आवरत नाहीये. मी तिसऱ्या ओळीत होते. तो खोकला मी डॅडींच्या भिंतीपलीकडून सहा वर्षं ऐकलाय आणि एस्टिलच्या शेजारी बसून सव्वा वर्ष. आता तर तो कुठून येतो हेही मला शिकवलंय. जॅरेट, तो वरून घशातून येत नाहीये.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. नुसता जा आणि एक्स-रे काढ. मला सांगूही नकोस.

सिसी


९ मे

जॅरेट,

तू म्हणालास, "केंड्रा काय म्हणाली ते मला तोंडी सांगू नकोस. समोर बसलं की माझ्याच्यानं ऐकवत नाही. लिहून पाठव." म्हणून लिहिते.

काल तुझा एक्स-रे काढून दवाखान्यातून आपण तुझ्या घरी आलो आणि तू ट्रकमधून उतरलाच नाहीस. मी आत गेले तेव्हा केंड्रा ब्रिन्लीच्या डब्यासाठी पावाला जॅम लावत होती. माझ्या तोंडाकडे बघून तिनं सुरी खाली ठेवली. ब्रिन्लीला म्हणाली, "जा, कुत्र्याला पाणी दे." ती म्हणाली, "आत्ताच दिलं." "पुन्हा दे."

मी सांगितलं. डॉक्टरांनी आपल्याला सांगितलं तसंच. दोन्ही बाजूंना मोठ्या गाठी आहेत, औषधानं जात नाहीत, धूळ आज थांबली तरी आजार थांबेलच असं नाही. तिनं विचारलं, "किती वर्षं?" मी म्हटलं, कुणालाच सांगता येणार नाही. मग ती जे म्हणाली ते तू वाच. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तो गेले सहा महिने बसूनच झोपतो. मला सांगतो, पाठ दुखते. मीही म्हणायची, हो का, उशी देऊ का. त्याला वाटतं त्यानं मला फसवलं."

सुरी उचलून ती पुन्हा जॅम लावायला लागली आणि म्हणाली, "सिसी, तुझा मला फार राग यायचा. तू फोन केलास की वाटायचं, ही बया आजार घरात घेऊन येतेय." मी म्हटलं, "साहजिक आहे." ती म्हणाली, "साहजिक नाही. घरात तो आधीच होता."

मग खिडकीतून तुझ्याकडे बघत उभी राहिली. तू स्टिअरिंगवर डोकं ठेवलं होतंस. ती म्हणाली, "त्याला थोडा वेळ बसू दे. आत आला की त्याला माझ्यासमोर धीट व्हावं लागेल." म्हणून आम्ही तुला हाक मारली नाही. आम्हाला तू नको होतास असं वाटून घेऊ नकोस.

तू मला विचारलंस, पदवीदान कधी. ते शनिवारीच झालं, तुझ्या तपासणीच्या आदल्या आठवड्यात. मी सांगितलं नव्हतं. मम्मी आली होती, चर्चचा झगा घालून, आणि सगळ्यांच्या नावांना टाळ्या वाजवत होती. एस्टिलचंही नाव पुकारलं. त्याची आई वर गेली. स्टिडमबाईंनी तिला मिठी मारली आणि सोडेनातच.

लेक्सिंग्टनमध्ये जागा मिळालीय. मी जाणार नव्हते. मम्मी इथे, तू असा. पण काल ट्रकमध्ये तू म्हणालास, "तू गेली नाहीस तर मी उद्याच बोल्ट मारायला खाली उतरेन." धमकी द्यायची तुझी रीत अजून सहावीतल्या पोराचीच आहे. जाते.

बदलीचा अर्ज सोमवारी टाक. मुकादमाच्या हाती देऊ नकोस.

सिसी


२० सप्टेंबर, लेक्सिंग्टन

जॅरेट,

केंड्रानं सांगितलं, ऑगस्टातल्या न्यूमोनियानंतर तू अंगणापर्यंतही जात नाहीस, आणि मंगळवारच्या इथल्या तपासणीलाही येत नाही म्हणतोस. "काय फरक पडणार आहे," म्हणालास म्हणे.

खोटं सांगून तुला बोलावणार नाही. फुप्फुस बदलता येईल की नाही, हे ठरवायला दिवसभर तपासण्या करतात. पुष्कळांना नाही म्हणतात. हो म्हटलेल्यांपैकीही सगळ्यांना फुप्फुस वेळेवर मिळतंच असं नाही. आणि मिळालं तरी ते आयुष्यभर टिकत नाही. मी आता त्याच विभागात शिकायला जाते, दुपारी रोग्यांजवळ उभी असते, त्यामुळे हे पुस्तकातून सांगत नाहीये. परवा तुझ्याच वयाचा एक जण होता, व्हर्जिनियातल्या खाणीतला. त्याला नाही म्हणाले. त्याच्या बायकोला लिफ्टपर्यंत मी सोडलं.

तरीही ये. ब्रिन्ली सात वर्षांची आहे. आणखी दोन वर्षं मिळाली तर ती नऊ वर्षांची होईल. नऊ वर्षांच्या पोराला बाप नीट आठवतो.

इथे माझी खोली लहान आहे, पण खाली आहे, एकही पायरी नाही. केंड्रा पलंगावर झोपेल. तुझ्यासाठी पाठ उंच होणारी आरामखुर्ची मागून आणलीय. मम्मीनं घेवड्याचं कालवण बर्फात घालून पाठवलंय. तू जेवत नाहीस म्हणून तिनं मला फोनवर शिव्या घातल्या, जसं काही मीच तुला उपाशी ठेवलंय.

गाडी हॉस्पिटलच्या मोठ्या दाराशी आणू नका, तिथून फार चालावं लागतं. केंड्राला सांग, इमारतीला वळसा घालून मागे यायचं, जिथे रुग्णवाहिका थांबतात त्याच्या पुढचं दार. मी सकाळपासून तिथेच असेन, चाकांची खुर्ची घेऊन. मला बघून नाकातली नळी काढून टाकू नकोस, आणि चालत येतो म्हणून हट्ट करू नकोस. खुर्चीत बस. मी ढकलेन. लाजू नकोस रे. इथे आपल्याला कुणी ओळखत नाही.

सिसी